आण्णांच्या गाडीचं इंजिन

माझे वडील गुरांचे डॉक्टर होते. सरकारी कागदावर त्यांचं पद डॉक्टरच्या बरंच खालचं होतं, पण अकोले तालुक्याच्या डोंगरात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे आणि त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. नोकरी निम्मी झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली. गोल दिव्यांची, स्टीअरिंगलाच गिअर असलेली, मुंबईत तेव्हा टॅक्सी म्हणून धावायची तीच. रंग फिकट हिरवा. आमच्या वस्तीत दुसरी कुणाची गाडी नव्हती.

सपाटीवर ती बरी पळायची. राजूरच्या पुढे चढ लागला की तिचा जीव जायचा. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत थोडं अंतर काटायची आणि मग बॉनेटमधून वाफ यायला लागायची. आण्णा गाडी थांबवायचे. आई आणि मी उतरायचो. मी दगड शोधून मागच्या चाकांना लावायचे. धाकटा भाऊ मागच्या सीटवर आडवा पडलेला असायचा, कारण त्याला गाडी लागायची. आण्णा इंजिन निवण्याची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि मग हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायचे. मी विचारायचे, "आण्णा, ही इथंच का दमते?" ते म्हणायचे, "म्हातारी आहे ती." ते उत्तर मला कधी पटलं नाही. आमच्या शेजारची म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन तोच चढ रोज चढायची.

दहावीला मला चांगले मार्क पडले. मला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. आण्णा म्हणाले, "वर्कशॉपमध्ये मुलींनी काय करायचं? कपडे काळे करायचे?" मी कॉमर्सला गेले आणि पुढे बँकेत लागले. काही वर्षांनी भाऊ इंजिनिअर झाला. तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर. पुण्यात नोकरी, पुण्यात फ्लॅट, पुण्याचीच बायको. त्यानं आयुष्यात कधी कुठल्या गाडीचं बॉनेट उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. पण आण्णांच्या दृष्टीनं घरात एक इंजिनिअर होता आणि तो तो होता.

निवृत्तीनंतर आण्णांनी नगरला सावेडीत घर बांधलं. आई गेली. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं इथं सांगत बसत नाही. मी आणि आण्णा, असे दोघं त्या घरात राहत होतो. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. उंदरांनी सीट कुरतडली होती आणि चारही टायर बसले होते. आण्णांचे गुडघे गेल्यापासून ते गाडी चालवत नव्हते. पण दर रविवारी ती पुसायचे मात्र न चुकता.

एक दिवस त्यांना राजूरच्या बाजूच्या कुणाचा तरी फोन आला. बोलणं झाल्यावर ते म्हणाले, "एकदा वर जाऊन यायला पाहिजे. माणसं विचारतात."

मी म्हटलं, "जाऊ की. टॅक्सी करते."

"भाड्याच्या गाडीत? डॉक्टर भाड्याच्या गाडीत आला म्हणतील."

"मग आपली गाडी काढू."

ते हसले. "ती आता सावेडीचा नाका ओलांडायची नाही."

मला त्या हसण्याचा राग आला. तेव्हाच मी ठरवलं, ही गाडी मी राजूरचा चढ चढवणार, तेही न थांबता.

बँकेच्या वाटेवर एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. पन्नाशी उलटलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले. ते घरी आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मॅडम, माझं ऐका. हे इंजिन फेकून द्या. भंगारातनं डिझेलचं आणतो, बसवून देतो. पूर्वी टॅक्सीवाले सगळे तेच करायचे."

"आणि कागदपत्रांचं काय? आणि आवाजाचं? ट्रॅक्टरमध्ये बसल्यासारखं होईल."

"मग नवीन गाडी घ्या."

"चाचा, हेच इंजिन ठेवायचं. थोडक्यात, आपल्याला परवडेल असं जे करता येईल ते सगळं करायचं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कळतं का यातलं?"

"नाही. पण कळून घेणार आहे."

आणि मी घेतलं. रोज बँकेतून आल्यावर फोनवर व्हिडिओ बघायचे. जगात कुठंकुठं लोक या जातीच्या छोट्या गाड्या जपून आहेत आणि फार पैसा न घालता त्यांच्यातून जास्त ताकद कशी काढायची यावर तासन्‌तास बोलतात, हे मला तेव्हा कळलं. त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. उरलेलं निम्मं मी शनिवारी-रविवारी चाचांसमोर मांडायचे आणि आमची भांडणं व्हायची.

आधी इंजिन उतरवलं. सिलिंडर आतून इतके झिजले होते की पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त जळत असणार. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून ते बोअर करून घेतले आणि किंचित मोठ्या मापाचे पिस्टन घातले. सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, त्याचा खालचा भाग घासून घेतला, म्हणजे आत हवा-पेट्रोल जास्त दाबलं जातं आणि धक्का जोरात बसतो. किती घासायचं यावर आमचं वाजलं. मी व्हिडिओत ऐकलं होतं तेवढं सांगितलं, चाचा म्हणाले एवढं नको. मी हट्ट केला. सायलेन्सरचा पाइप मोठा केला. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून नंतरच्या गाड्यांमध्ये यायचा तसा इलेक्ट्रॉनिक प्रकार बसवला, त्यामुळे सकाळी चोक ओढून रडारड करायची गरज उरली नाही. कार्बोरेटर एका दुसऱ्या गाडीचा, भंगार बाजारात मिळालेला. तो मी स्वतः उघडला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्याची एकेक बारीक भोकं साफ केली आणि परत जुळवला. घरात पेट्रोलचा वास कितीतरी दिवस होता.

चढावर गाडी गरम का व्हायची हेही मला शेवटी कळलं. जुना पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. चढावर इंजिन हळू फिरतं, म्हणजे पंखाही हळू, आणि नेमका तेव्हाच वारा जास्त लागतो. त्यात तो पंखा इंजिनचीच थोडी ताकद खायचा. आम्ही तो काढून विजेवर चालणारा पंखा लावला. पाणी तापलं की तो आपोआप सुरू व्हायचा. रेडिएटरही जास्त नळ्यांचा करून घेतला. चाचा म्हणाले, "आता तो पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडच्या उन्हात काय कामाचा?" मी म्हटलं, "तो राहणार." यावर ते अख्खा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पहिल्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा पाथर्डी रस्त्यानं चांदबिबीच्या महालाकडे नेली. त्या चढावर इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. चाचा शेजारी बसले होते. म्हणाले, "हेड जास्त घासलं, मी सांगत होतो." खरंच होतं त्यांचं. आम्ही हेडखाली पॅकिंगचं जाडसर गॅस्केट घातलं आणि ठिणगीची वेळ मागे घेतली, तेव्हा आवाज गेला. पुढच्या खेपेला गाडी महालापर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये गेली. वर पोचल्यावर मी बॉनेटवर तळहात ठेवला. तेव्हा माझं वय पन्नाशीला टेकलं होतं आणि तसा आनंद मला आधी कधी झालेला आठवत नाही. एवढं एकच सुख मी त्या गाडीकडून घेतलं, म्हणून सांगून ठेवते.

या सगळ्या काळात आण्णा घरापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत असायचे. शेडकडे फिरकायचे नाहीत. मी काळे हात घेऊन आत आले की म्हणायचे, "साबण लावून धू. भांड्यांना लागेल." पण भावाचा फोन आला की मला आतून ऐकू यायचं. "आज हेड उतरवलंय बरं का. बोअरिंगला गेलंय सगळं." म्हणजे ते सगळं ऐकत होते. मग फोन ठेवून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "तो म्हणतोय, ऑइल जरा भारीतलं घाला." हा त्याचा सल्ला. असे दोन-चार सल्ले त्यानं दिले असतील.

दिवाळीच्या आधी आम्ही निघालो. राहुरी, संगमनेर, अकोले. आण्णा पुढं बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. राजूर जवळ आलं तसे ते दाराची मूठ घट्ट धरून बसले. ते मागे पडलं आणि चढ लागला. मी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. गाडी चढत गेली. पंखा सुरू झाल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं बंद झाल्याचा आला. ज्या वळणावर मी लहानपणी दगड शोधायचे ते वळण मागे पडलं. मी आण्णांकडे बघितलं. ते समोर बघत होते. म्हणाले, "रस्ता चांगला केलाय आता."

 मला वाटलं, माणूस भारावला की असंच काहीतरी बोलतो.

पुढं एका वाडीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. गाडी थांबली तशी माणसं उठली. एका म्हाताऱ्यानं आण्णांना लगेच ओळखलं. "डाक्टर! आरं, डाक्टर आलं!" म्हणत तो धावत आला. त्यानं आण्णांचे दोन्ही हात धरले. चहा आला, पेढे आले. एका बाईला आपली गाभण म्हैस कशी अडली होती आणि डॉक्टरांनी भर पावसात येऊन ती कशी सोडवली ते सांगायचं होतं. ती गोष्ट दोनदा सांगून झाली. मग त्या म्हाताऱ्याचं लक्ष गाडीकडे गेलं.

"ही तीच गाडी हाय का? मी तिला किती येळा धक्का मारलाय. आता येकदमच चढली की वर!"

"तीच," आण्णा म्हणाले.

"इंजिन नवं टाकलं का काय?"

"नाही. तेच आहे. पोरानं सगळं करून दिलं. इंजिनिअर आहे ना पुण्याला."

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. मी आण्णांपासून हातभर अंतरावर उभी होते. ते माझ्याकडे न बघता बोलत होते, पण मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हातारा म्हणाला, "लई गुणाचा पोरगा हाय तुमचा." आण्णा म्हणाले, "हो, आहे खरा."

मग तो माझ्याकडे वळला. "आन् तुमी गाडी चालवता व्हय? वा!"

मी हसले.  परत येताना अकोले ओलांडलं. मग मी विचारलं, "आण्णा, त्यानं काय केलं या गाडीचं?"

"कुणी?"

"तुमच्या इंजिनिअरनं."

ते वैतागले. "अगं ताई, त्या लोकांना काय सांगायचं? माझी मुलगी गाडीखाली झोपून नटबोल्ट पिळते म्हणून? काय म्हणतील ते? घरात दुसरं कुणी नाही का, म्हणतील."

घरात मोठी म्हणून तेही मला ताईच म्हणायचे.

मी म्हटलं, "खरंच नव्हतं दुसरं कुणी."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. संगमनेरला जेवायला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीची पोळी वाढली. ती माफी होती असं मी पुढं बरेच दिवस समजत होते. आता तसं वाटत नाही. त्यांना भूक नसेल.

दिवाळीला भाऊ आला. त्यानं गाडी फिरवून आणली आणि उजळलेला चेहरा घेऊन परत आला. "ताई, काय पळते गं! पिकअप बघ ना!" तो खरंच खूश होता आणि मीही मूर्खासारखी खूश झाले. बॉनेट उघडून त्याला एकेक गोष्ट दाखवायला लागले. त्यानं थोडं ऐकलं, मग फोनवर फोटो काढले आणि कुणाला तरी पाठवले. पुण्यात त्याच्या ओळखीच्या काही लोकांचा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा गट होता. संध्याकाळपर्यंत त्यांची उत्तरं येत होती.

भाऊबीजेच्या दिवशी, मी त्याला ओवाळल्यावर, आण्णा आत गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले. ती त्यांनी त्याच्या हातात दिली.

"घेऊन जा. तुझ्याकडेच शोभेल."

मी ताट हातात घेऊन तशीच उभी होते. म्हटलं, "आण्णा, ती गाडी मी केलीये."

"तू केलीस, मग नेणार कुठं आहेस तू? बँकेत स्कुटीवर जातेस. तिकडं चार माणसांत तरी जाईल."

भाऊ म्हणाला, "ताई, तुला पाहिजे तेव्हा सांग, मी आणून देईन. आणि तिकडं एक फार मोठा कारागीर आहे. मी तिला नीट करून घेतो."

"नीटच आहे ती."

"हो गं, म्हणजे आणखी नीट."

त्याची बायको म्हणाली, "ताईंनी किती कष्ट घेतलेत, नाही?" आणि मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलणार. पण तिनं तेवढंच म्हटलं आणि फराळाचे डबे भरायला आत गेली.

त्यानं गाडी नेली. शेडमध्ये ऑइलचा डाग राहिला तेवढाच.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाजात गोडवा होता. "ताई, त्या गाडीचे जुने पार्ट आहेत का गं? कार्बोरेटर, पंखा, ते पॉइंटवालं सगळं? टाकलं नाहीस ना?"

"कशाला?"

"अगं, प्रदर्शनात ठेवायची तर सगळं कंपनीतून आलं तसं लागतं. बाहेरचं काही चालत नाही. तुझं ते सगळं काढावं लागणार आहे. काय आहे, मूळ वस्तूला किंमत असते."

शेडच्या कोपऱ्यात पोत्यात ते सगळं मी नीट ऑइल लावून ठेवलं होतं. चाचा म्हणाले होते भंगारात द्या, मी नाही दिलं. मी भावाला म्हटलं, "टाकलं."

"अरेरे. बघ ना एकदा."

"बघितलं. नाही."

रविवारी त्यानं गाडी धुवायला ठेवलेल्या माणसाला नगरला पाठवलं. मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर आण्णा गुडघे धरत धरत शेडमध्ये उतरले होते आणि त्या माणसाला कोपऱ्यातलं पोतं दाखवत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "इथंच तर होतं. तुला दिसलं नसेल." त्या माणसानं पोतं उचलून टेम्पोत टाकलं. मी भाजीची पिशवी घेऊन आत गेले आणि मेथी निवडायला बसले.

मी भावाला फोन केला, म्हटलं, गाडीत मी बसवलेलं जे काढलं असेल ते सगळं मला परत दे. कार्बोरेटर, पंखा, सगळं. तो म्हणाला, "विचारतो." नंतर म्हणाला, "त्या कारागिरानं भंगारवाल्याला दिलं वाटतं. तुला काय करायचं होतं त्याचं?" ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी साफ केलेला तो कार्बोरेटर. मी चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या. आपण दुसरी करू." ते चांगल्या मनानं म्हणाले, पण मला त्यांचाही राग आला. मला दुसरी नको होती.

गाडीला बक्षीस मिळालं. भावानं फोटो पाठवला. चकाकणारी हिरवी गाडी, तिच्याशेजारी तो, हातात चषक. खाली लिहिलं होतं, की वडिलांच्या आठवणींचा वारसा त्यानं मूळ रूपात जपला. आण्णांनी तो फोटो मोठा करून घेतला आणि बैठकीच्या खोलीत लावला. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. मी चहाचे कप घेऊन येई-जाई, आणि प्रत्येक वेळी ती गोष्ट नव्यानं ऐकायचे. पुढं पुढं त्या गोष्टीत भावानं स्वतः हेड उतरवलेलं असायचं, बोअरिंगला नेलेलं असायचं. हे शब्द आण्णांनी माझ्याकडूनच ऐकले होते.

एवढं करून ती गाडी आता चढ चढत नव्हती. पुण्यातल्या पुण्यात प्रदर्शनाला जातानाही ती ट्रकवर चढवून न्यायचे, असं भावजय एकदा बोलता बोलता बोलून गेली.

आण्णा थकत गेले. त्यांना पुन्हा एकदा राजूरच्या वर त्या वाड्यांना जायचं होतं. भावाला त्यांनी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "आण्णा, ती गाडी तशा रस्त्याला काढत नाहीत. पार्ट मिळत नाहीत. तुम्ही ताईला सांगा, छान एसी गाडी करून घ्या. पैसे मी देतो." आण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मी भाड्याची गाडी केली नाही. मी विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मी विचारलं नाही.

शेवटच्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं मीच करत होते. एका दुपारी त्यांना औषध देत होते तेव्हा अचानक म्हणाले, "ताई, तो पंखा आपोआप कसा गं सुरू व्हायचा? पाणी तापलं की?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला त्या गाडीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी खाली बसून त्यांना सांगू शकले असते. रेडिएटरला एक छोटी कळ असते, ठरावीक उष्णता झाली की ती आतून जुळते. त्यांना ते आवडलं असतं. ते यंत्राच्या गोष्टी मन लावून ऐकायचे, दुसऱ्या कुणी सांगितल्या तर.

मी म्हटलं, "मला काही आठवत नाही आता. तुमच्या इंजिनिअरला विचारा."

त्यांनी डोळे मिटले. नंतर पुन्हा विचारलं नाही. लोकांना वाटतं अशा गोष्टींचा पुढं पश्चात्ताप होतो. मला झाला नाही.

ते गेल्यावर भाऊ दहा दिवस राहिला. खूप रडला. बैठकीतला फोटो पुण्याला घेऊन गेला. गाडीचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही.

गेल्या वर्षी बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर मी शिर्डीला गेले होते. दर्शन झाल्यावर त्यांनी ठरवलेल्या हॉटेलात जेवायला गेलो. नवं, मोठं हॉटेल, दारात हिरवळ. त्या हिरवळीवर एका चौथऱ्यावर ती गाडी उभी होती. मी आधी रंग ओळखला आणि मग नंबर वाचला. चाकं सिमेंटमध्ये पक्की केलेली. बॉनेट उघडं होतं आणि आत, जिथं इंजिन असतं तिथं, फुलांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. झेंडू आणि कसली तरी जांभळी फुलं. वर दिव्यांची माळ.

दाराशी एक रखवालदार उभा होता. मी त्याला विचारलं, "ही कुठून आणली?"

"मालकांनी पुण्याहून घेतली. लई जुनी हाय."

"इंजिन कुठंय?"

तो हसला. "इंजिनाचं काय काम मॅडम? हितं उभीच ऱ्हाती. काढून इकून टाकलं आसंल. लोक फोटो काढत्यात निस्ते."

सहकाऱ्याची बायको आणि मुली तोवर गाडीजवळ पोचल्या होत्या. एक मुलगी दार उघडून स्टीअरिंगशी बसली, दुसरी कुंड्यांशेजारी उभी राहिली. सहकाऱ्याच्या बायकोनं तिचा फोन माझ्या हातात दिला. "ताई, आमचा सगळ्यांचा एक काढता का? गाडी पूर्ण आली पाहिजे."

मी दोन पावलं मागे गेले. फोटो काढला. तिला तो आवडला नाही, एका मुलीचे डोळे मिटले होते. मग दुसरा काढला, आणि आम्ही जेवायला आत गेलो.